गडचिरोलीला निघालेल्या नातीला

चिखली, जि. बुलढाणा

चि. मुक्तास,


तू फोनवर म्हणालीस, आजी, मी गडचिरोलीला चाललेय, धानोऱ्याच्या बाजूला, ग्रामसभांबरोबर जंगलाचं आणि पाण्याचं काम करायला. आणि तुझ्या आईच्या पोटात गोळा आला. मला मात्र आनंदच झाला. तू तिथं कुणाचं वाईट करणार नाहीस, कुणाच्या ताटातलं ओढून घेणार नाहीस, हे मला सांगावं लागत नाही. ते तुझ्या आजोबांचं रक्त आहे. मला काळजी आहे ती एकाच गोष्टीची, तुझ्या घाईची. लहानपणी तू एक पाय चपलेत आणि एक फाटकाबाहेर अशी शाळेत जायचीस, आणि डबा इकडे ओसरीवरच राहायचा. म्हणून हे पत्र लांबलचक लिहितेय. एका दमात वाचू नकोस.

गेल्या दिवाळीला तू तुझ्या अभ्यासाचे कागद इथंच विसरून गेलीस. मी ते टाकले नाहीत. पाठकोरे होते म्हणून आधी हिशेबाला घ्यावे म्हटलं, मग वाचायला लागले, शब्दकोश मांडीवर घेऊन, रोज सकाळी दोन-दोन पानं. त्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2009 सालचा एक अहवाल होता. देशादेशांच्या आत गेल्या साठ वर्षांत जे रक्तपात झाले, त्यातल्या निदान 40 टक्क्यांचं नातं जमीन, पाणी, जंगल, खनिज असल्या गोष्टींशी होतं, असं त्यात म्हटलंय. आणि पुढच्या वाक्याला मी पेन्सिलीनं खूण करून ठेवलीय : अशा कारणावरून पेटलेलं भांडण मिटलं, तरी पाच वर्षांच्या आत ते पुन्हा पेटण्याचा धोका इतर भांडणांपेक्षा दुप्पट असतो. पहिली पाच वर्षं, मुक्ता. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चला, थांबलं एकदाचं. पण खरं जपायचे दिवस तेच असतात.

कोलंबियाचंही त्याच कागदांत होतं. तिथं सरकार आणि बंडखोर यांच्यात पन्नास वर्षांवर चाललेली लढाई 2016 च्या करारानं थांबली. बंडखोर रानातून बाहेर आले, बंदुका खाली ठेवल्या, जगानं टाळ्या वाजवल्या. पण इतकी वर्षं त्या रानात त्यांचाच धाक होता, झाडं किती तोडायची हेही तेच ठरवायचे. ते निघाले आणि त्यांच्या जागी सरकार वेळेवर पोचलंच नाही. मधल्या मोकळ्या जागेत कुऱ्हाडी आणि गुरांचे कळप घुसले. 2016 मध्ये त्या देशात सुमारे 1 लाख 78 हजार हेक्टर जंगल गेलं होतं, 2017 मध्ये सुमारे 2 लाख 19 हजार हेक्टर. गोळीबार थांबला आणि पुढच्याच वर्षी जंगल जास्त तुटलं. हे वाचून मी कागद मिटून बसले, कारण हे मी आपल्या गावात बघितलेलं आहे, लहान मापानं.

आपल्या जिल्ह्यात लढाया काही कमी झाल्या नाहीत. साखरखेर्ड्याच्या मैदानात 1724 मध्ये निजाम आणि मुबारिझखान भिडले, 1757 मध्ये सिंदखेडला मराठे आणि निजाम. सिंदखेडराजाला तू सहलीला गेली होतीस तेव्हा तुला जिजाऊंचा वाडा दाखवला. मोती तलाव दाखवला की नाही कोण जाणे. जाधवांच्या वेळचा तो तलाव. ज्या फौजा त्या मुलखातून गेल्या त्यांचं नाव पुस्तकात उरलं, तलाव गावाकडे उरला. पण तुझ्या कामाचा धडा त्या मोठ्या लढायांत नाही. तो धुऱ्यावर आहे.

धुरा म्हणजे काय हे पुण्यात वाढलेल्या पोरीला सांगायला हवं. दोन वावरांच्या मधली ती हातभर रुंद पट्टी, तिच्यावर बोरीचं एखादं झाड, गवत, आणि कोपऱ्यात पुरलेला हद्दीचा दगड. दर वर्षी नांगर फिरवताना शेजाऱ्याचं एक तास धुऱ्याच्या अंगात शिरतं, बोटभरच. पण दहा वर्षांत धुरा निम्मा होतो आणि मग एक दिवस दगडच जागेवर नसतो. त्यावरून सख्खे भाऊ बुलढाण्याच्या कोर्टात वीस-वीस वर्षं तारखा करतात. वावराची किंमत वकिलाला जाते आणि वावर पडीक राहतं. पडीक वावराची माती पहिल्या पावसात नाल्यात जाते, खालच्याच्या विहिरीत गाळ बसतो, आणि तिथं दुसरं भांडण उभं राहतं. तुमच्या पुस्तकात जे मोठमोठ्या शब्दांत लिहिलंय, ते एवढंच आहे बाळा : भांडणानं जमीन बिघडते आणि बिघडलेल्या जमिनीवरून भांडण होतं.

आपल्या गावात थोरल्या आणि धाकट्या घरचं जे वैर होतं, ते तुझ्या बाबांनी तुला सांगितलंच असेल. एकच सामाईक विहीर, सातबाऱ्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा, आणि मधून धुरा. एका उन्हाळ्यात रात्री कुणीतरी पाइप कापला, दुसऱ्या दिवशी काठ्या निघाल्या, एकाचं डोकं फुटलं. 2007 च्या 15 ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा मी गावच्या समितीवर होते. शाळेतून निवृत्त झालेली बाई, दोन्ही घरची पोरं माझ्या हातून बाराखडी शिकलेली, म्हणून मला घेतलं. त्या मोहिमेनं पुष्कळ गावांचं भलं केलं, पोलीस पाटलाच्या चावडीवर माणसं निदान बोलायला लागली. या दोन घरांचाही समझोता झाला, सह्या झाल्या, नारळ फुटला. आणि पुढच्याच मृगाला पुन्हा जुंपली. कारण कागदावर ‘यापुढे भांडणार नाही’ एवढंच होतं. सोमवारी विहिरीवर मोटर कुणी लावायची, हे कुठंच नव्हतं.

ते पुढं सुटलं ते पाणलोटाच्या कामात. 2018 चा तो उन्हाळा आठव. सत्यमेव जयते वॉटर कपसाठी गावोगाव माणसं कुदळ-फावडी घेऊन माळावर जात होती, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडनं राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. (हे सिंदखेड वेगळं, जिजाऊंचं सिंदखेडराजा वेगळं, तू एकदा परीक्षेत गल्लत केली होतीस.) 8 एप्रिल ते 22 मे, असा 45 दिवसांचा त्या स्पर्धेचा काळ. बक्षिसाचं कौतुक आहेच, पण मला मोठं वाटतं ते हे की, ऐन एप्रिलच्या उन्हात एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकाच चरात उतरत होती. त्याच वाऱ्यानं आमच्याकडेही माळावर समतल चर खणायचं ठरलं.

आता चर आखायचा कसा, ते नीट ऐक, तुला उपयोगी पडेल. तीन काठ्या बांधून ‘ए’ अक्षरासारखी एक घोडी करतात, तिच्या शेंड्याला दोरी, दोरीला दगड. आडव्या काठीवर बरोबर मध्याची खूण. दोरी खुणेवर स्थिर राहिली की दोन्ही पाय सारख्या पातळीत आहेत असं समजायचं, तिथं फक्कीनं खूण करायची, मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढं फिरवायचा. दगड डुलत असताना खूण केली तर अख्खी रेघ चुकते, आणि चुकलेल्या चरात पाणी थांबत नाही, एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. दुपारी वारा सुटला की दगड थांबता थांबत नाही. म्हणून आम्ही पहाटे, तांबडं फुटायच्या आत माळावर असायचो. त्या वेळी पान हलत नाही, माणसाचं डोकंही थंड असतं, आणि ऊन चढायच्या आत घरी येऊन भाकरी टाकता येते. लवकर उठ म्हणून मी तुझ्यामागे लागायचे, ते काही उगीच नव्हतं.

ती रेघ पुढं सरकत सरकत थोरल्या घरच्या वावरातून धाकट्या घरच्या वावरात शिरली. उताराला धुरा कळत नाही. पाणी अडवायचं तर चर दोन्हीकडे हवा, आणि कुणी एकानं नाही म्हटलं तर वरचं सगळं काम वाया. गावातल्या तरण्या पोरांचं म्हणणं पडलं, जेसीबी आणा, नाला खोल करा, धुऱ्याच्या भानगडीत पडायचंच कशाला. शेजारच्या एका गावानं तसं केलंही. माथा सोडून थेट पायथ्याला हात घातला. एका पावसाळ्यात वरच्या मातीनं नाला भरला, आणि एका ठिकाणी इतकं खोल खणलं की काठावरच्या विहिरीचंच पाणी नाल्यात उतरलं. काम झटपट झालं होतं, फोटोही छान निघाले होते. पण त्या विहिरीचा मालक आणि सरपंच आजही बोलत नाहीत.

आमच्याकडे दोन्ही घरच्या म्हाताऱ्या आधी आल्या. पुरुष नंतर आले, आणि तेही तावातावानं. बोलणी त्या उन्हाळ्यात संपली नाहीत. चर झाला पण विहिरीचं राहिलं, ते पुढच्या सुगीपर्यंत चाललं. शेवटी जे ठरलं ते शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहिलं. तारीख, नाव, मोटर सुरू, मोटर बंद, आणि शेवटच्या रकान्यात शेरा : ‘लाइन गेली’, ‘मोटर जळाली’. शेतीला एक आठवडा दिवसाची लाइन, एक आठवडा रात्रीची, तर पाळ्याही तशाच फिरत्या ठेवल्या, म्हणजे रात्रीचं जागरण कुणा एकाच्या वाट्याला नको. सगळ्यात जास्त वाद कशावर झाला असेल? लाइन गेली तर बुडालेले तास पुढं मिळायचे की नाही, यावर. ते मिळायचे असं ठरलं तेव्हा कुठं सह्या झाल्या. वही किराणा दुकानात राहते, कारण त्या दुकानदाराला वावरच नाही. आज कितवी वही चालू आहे ठाऊक नाही, पण रकाने तेच आहेत. दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नाला अजून जात नाहीत. न जाईनात! पाळी चुकत नाही, पाइप कापला जात नाही, आणि दोन्ही वावरांत हरभरा उभा असतो. माझ्या लेखी ही शांतता खरी आहे. गडचिरोलीतही माणसांची मनं जुळवण्याच्या मागे एकदम लागू नकोस. आधी पाळी जुळव.

सरकारलाही हे कधीकधी उमगतं. 3 जानेवारी 2023 ला सलोखा योजना आली. एकाच्या नावावरची जमीन दुसरा कसतोय आणि दुसऱ्याची पहिला, असं निदान 12 वर्षं चाललेलं असेल तर तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा करून अदलाबदल करून घ्यायची, मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी 1000 रुपये. जुन्या वाटण्यांतला किती गुंता अशा साध्या उपायानं सुटू शकतो! योजना चांगली. पण तिलाही दोन्ही घरांची संमती लागते, आणि संमती काही तहसिलात मिळत नाही, ती ओसरीवर मिळवावी लागते, चहाच्या कित्येक कपांनंतर.

घाईचं सगळ्यात मोठं उदाहरण मला वाईट वाटत असूनही सांगते, कारण माणूस आपलाच आणि फार मोठा. तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडलं होतं, त्या मुलखात विनोबा पायी गेले. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत गावच्या भूमिहीन माणसांनी त्यांच्याकडे 80 एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी उठून 100 एकर देऊ केली. केवढी गोष्ट! माझ्या माहेरी ती सांगताना वडिलांचा गळा दाटून यायचा. पण पुढं दानाचे आकडे भराभरा वाढत गेले, आणि मोजणी, फेरफार, कसणाऱ्याला बी-बैल हे सगळं मागे राहिलं. पुष्कळशी जमीन खडकाळ निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही. विनोबांच्या मनात खोट नव्हती, देणाऱ्यांपैकी अनेकांच्याही नव्हती. दान एका क्षणात होतं; वहिवाट बसायला पिढी जाते.

आणि आता तू ज्या बाजूला चाललीस तिथलंच मेंढा-लेखा बघ. गोंडांचं एवढंसं गाव, पण त्यांनी दम धरला. ऐंशीच्या दशकात धरणांविरुद्धच्या लढ्यात ते जागं झालं, आणि मग घोषणा देत न बसता अभ्यासाला बसलं. त्यांचे अभ्यासगट असतात, तिथं वाद घालायचा पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या सहमतीनं. एक जण अडला तरी थांबायचं. मोहोळाला जाळ न लावता मध कसा काढायचा, हेही त्यांनी असंच बसून शोधलं. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर 2009 मध्ये त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात, पण बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना मात्र मिळेना. त्यांनी वाट बघितली, भांडत भांडत बघितली; शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. 2013 मध्ये तर गावानं ग्रामदानाच्या कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या करायचं ठरवलं. पोचमपल्लीत निघालेला धागा साठ वर्षांनी इथं येऊन नीट विणला गेला, तो या सावकाशपणामुळे. त्या गावाचे पुढारी देवाजी तोफा यांना भेटायला मिळालं तर माझा नमस्कार सांग. या कामात त्यांच्या सोबत राहिलेले मोहन हिराबाई हिरालाल 2025 च्या सुरुवातीला गेले. त्यांना ऐकायचं माझं राहून गेलं.

तू पोचशील ते दिवस मोठे विचित्र आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. चाळीसेक वर्षं दोन बंदुकांच्या मधे चेपलेली माणसं आता कुठं मोकळा श्वास घेताहेत. आणि तिकडे सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक धावताहेत, रस्ते होताहेत, कंपन्या येताहेत. रस्ता हवा, दवाखाना हवा, पोरांना कामही हवं. त्याला माझा विरोध नाही. पण कोलंबियाचं ते 2017 साल मला विसरवत नाही. बंदूक गेली, आता इथलं रान, नाला, डोंगर याबद्दल कुणी ठरवायचं, हे ग्रामसभेला नीट सांगता येण्याआधीच जर ठरून गेलं, तर पुढच्या पिढीच्या भांडणाची पेरणी आजच होते. ही माझी खरी भीती आहे. आणि तुमच्यासारखी चांगली, शिकलेली, कळकळीची पोरंसुद्धा त्या घाईला हातभार लावतात, कारण तुमच्या प्रकल्पालाही मार्चअखेर असते. पैसे संपवायचे म्हणून बंधारा, अहवाल द्यायचा म्हणून बैठक. असला बंधारा बांधू नकोस गं.

म्हणून थोडं सांगते, ऐकायचं तर ऐक. सकाळी लवकर उठ. खेड्यातली खरी बोलणी पाणवठ्यावर आणि गुरं सोडताना होतात, अकराच्या बैठकीत नाही. खर्च हात राखून कर, स्वतःचाही आणि कामाचाही. पैसा उरला म्हणून कुणी तुला नापास करणार नाही, आणि केलं तर होऊ दे. गोंडी शिक, मोडकी का होईना. बैठकीत सगळ्यात शेवटी जी बाई बोलेल, किंवा बोलणारच नाही, तिच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन बस. ज्याच्या घरचा माणूस पोलिसांच्या गोळीनं गेला आणि ज्याच्या घरचा नक्षल्यांच्या, ती दोन्ही घरं एकाच नाल्याचं पाणी पितात. तू कुणाकडे आधी गेलीस हे गाव लक्षात ठेवेल, तेव्हा विचारून जा. आणि पहिला पावसाळा नुसता बघ. नाला कुठून फुटतो, पाणी कुठं साचतं, कोण कुणाच्या बांधावरून जातं. काही मोजायचं असेल ते मोज, वहीत लिही, पण ठरवू काही नकोस.

मेतकूट आणि तिळाची चटणी डब्यात भरून ठेवली आहे, बाबा नागपूरपर्यंत पोचवतील. जाड चादर घे, डासांची जाळी घे, आणि हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घे. तो मुलूख त्यासाठी वाईट आहे. फोन रोज करू नकोस, फोनवर तू फार भरभर बोलतेस आणि मला निम्मं कळत नाही. महिन्यातून एक पत्र टाक. त्यात गावानं काय ठरवलं ते लिही, आणि ठरवायला किती वेळ घेतला तेही लिही.

तुझी,
आजी